निरोपाचे देणे

शाळेचे वर्ष सरत आले, अथवा एखाद्या शिक्षकाच्या बदलीचा वा निवृत्तीचा हुकूम आला, म्हणजे गावातील पालकमंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: मास्तरांना, बाईंना निरोपाच्या वेळी काय द्यावे? प्रश्न वरकरणी अगदी साधा. कोणी शाल-श्रीफळ सुचवितो, कोणी भिंतीवरचे घड्याळ, कोणी चांदीचे नाणे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस चर्चा होते, घरटी वर्गणी ठरते, कोणीतरी डिचोलीच्या बाजारात जाऊन वस्तू आणतो आणि कार्य पार पडते. इतक्या सहज उरकणाऱ्या गोष्टीसाठी या पत्रिकेची पाने खर्ची घालावीत काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर आपण घाईने देऊन मोकळे होतो, त्याच्या पोटी पुष्कळदा दुसरा मोठा प्रश्न दडलेला असतो. ज्याने आपल्या मुलाला अक्षर दिले, त्याचे आपण काय देणे लागतो? ते देणे फिटते काय? आणि फिटत नसेल, तर जाताना त्याच्या हाती जे ठेवावयाचे त्याचा अर्थ काय?

प्रथम, या देण्याला नाव कोणते द्यावे ते पाहू. कारण नाव चुकले की रीतही चुकते. याला दान म्हणता येईल काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे: ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही, अशा योग्य माणसाला योग्य स्थळी व योग्य काळी, केवळ देणे कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक दान. शिक्षकाने तर आपल्यावर आधीच उपकार केलेला आहे. शिवाय दान देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. मुलाला शिकविणाऱ्यापुढे आपला हात वर कसा असेल? तेव्हा हे दान नव्हे. मग हा मोबदला म्हणावा काय? मोबदला तर त्यांना वेतनरूपाने मिळतच असतो, आणि तो ठरविणे पालकांच्या हाती नाही. ही लाचही नव्हे, निदान नसावी. तेव्हा उरते ते एकच जुने नाव, दक्षिणा.

भिक्षुकाच्या घरात वाढल्यामुळे हा शब्द मी कळू लागल्यापासून ऐकत आलो आहे. विड्याची दोन पाने, वर सुपारी, वर नाणे आणि त्यावर सोडलेले पळीभर पाणी, एवढेच तिचे बाह्यस्वरूप. पण त्यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. दक्षिणा कर्म संपल्यावर ठेवावयाची असते, आधी नव्हे. ती यजमानाने आपल्या शक्तीप्रमाणे ठेवावयाची असते, भटजींनी सांगितलेल्या भावाने नव्हे. आणि ती ठेवल्यावाचून कर्म पुरे झाले असे मानीत नाहीत. आज कित्येक ठिकाणी दक्षिणेचा आकडा आगाऊ ठरू लागला आहे, हे खरे. पण आकडा आगाऊ ठरला की ती दक्षिणा राहत नाही, मजुरी होते. मजुरीत कमीपणा काही नाही. मात्र मजुरी चुकती केली की दोन माणसांमधला संबंध तेथेच संपतो. दक्षिणा ठेवल्यावर आपण वाकून नमस्कार करतो, याचा अर्थ संबंध पुढे चालू राहतो.

शिक्षकाच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी हाच क्रम घालून दिलेला दिसतो. मनुस्मृतीतील कित्येक वचने आजच्या न्यायबुद्धीला मानवणारी नाहीत, आणि ती बाजूला ठेवणेच योग्य. परंतु तिच्या दुसऱ्या अध्यायात गुरुदक्षिणेविषयी जे सांगितले आहे, ते विचार करण्यासारखे आहे. धर्म जाणणाऱ्या शिष्याने विद्या पुरी होण्यापूर्वी गुरूला काहीही देऊ नये; समावर्तनाचे स्नान करावयाच्या वेळी, गुरूची अनुज्ञा झाल्यावर, आपल्या शक्तीप्रमाणे आणून द्यावे, असा तेथे नियम आहे. पुढे काय द्यावे याची यादी येते. ती शेत, सोने, गाय, घोडा येथून सुरू होते आणि छत्री, पादत्राणे, आसन असे करीत धान्य, भाजीपाला व वस्त्र येथवर खाली येते. ज्याच्याजवळ घोडा आहे त्याने घोडा द्यावा आणि ज्याच्या परसात केवळ भाजी आहे त्याने भाजी द्यावी. दोघांची दक्षिणा सारखीच दक्षिणा. देण्याचा हेतू एकच सांगितला आहे, गुरूला आनंद व्हावा.

विद्या पुरी होण्यापूर्वी देऊ नये, हा नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. प्रेमाने दिलेल्या वस्तूला काळवेळ कसली? पण थोडा विचार केला म्हणजे त्यातील शहाणपण कळते. जोवर मूल वर्गात आहे, त्याची उत्तरपत्रिका तपासावयाची आहे, स्नेहसंमेलनात त्याला भूमिका द्यावयाची आहे, तोवर पालकाने शिक्षकाला दिलेली मोठी वस्तू स्वच्छ राहू शकत नाही. देणाऱ्याच्या मनात हेतू नसला तरी घेणाऱ्याच्या मनावर भार पडतो. आणि दोघांचीही मने निर्मळ असली तरी शेजारच्या बाकावरच्या मुलाला शंका येते. ज्या घरातून बाईंना साडी गेली, त्या घरच्या मुलाला पहिला क्रमांक योग्यतेने मिळाला, तरी तो आता डागाळला. यास्तव निरोपाची घटका ही देण्याची खरी घटका होय. त्या वेळी मागण्यासारखे काही उरलेले नसते.

आपल्या काळचे सरकारी नियमही या बाबतीत जुन्या धर्मशास्त्राच्या जवळ यावेत, ही गमतीची गोष्ट आहे. १९६४ सालच्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांत सरकारी नोकराच्या सन्मानसमारंभांवर पुष्कळ बंधने आहेत. परंतु बदली वा निवृत्तीच्या प्रसंगी केलेला खाजगी, अनौपचारिक स्वरूपाचा निरोपसमारंभ त्यांतून वगळलेला आहे. मात्र अशा घरगुती निरोपासाठीही कोणा नोकरावर दडपण आणून वर्गणी घेण्यास तेथे स्पष्ट मनाई आहे. ते नियम नोकरांसाठी आहेत, पालकांसाठी नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांतील मर्म आपल्यालाही लागू पडते: निरोप मनापासून असावा, लहान असावा, आणि त्यात कोणावर जुलूम नसावा.

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जनक राजा व याज्ञवल्क्य यांचा संवाद आहे. एकेक उपदेश ऐकून संतुष्ट झालेला जनक पुनःपुन्हा म्हणतो की, मी तुम्हांला हत्तीएवढ्या बैलासह हजार गाई देतो. आणि याज्ञवल्क्य प्रत्येक वेळी एकच उत्तर देतात: शिष्याला पुरते शिकविल्यावाचून त्याच्याकडून काही घेऊ नये, असे माझ्या वडिलांचे मत होते. गोधन समोर उभे असताना बापाचे मत आठवणारा हा गुरू खरोखर थोर. याच्या उलट उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात आहे आणि ते आपण सर्व जाणतो. द्रोणाचार्यांनी एकलव्याला निषादपुत्र म्हणून शिकविण्याचे नाकारले. त्याने मातीची मूर्ती करून स्वतःच्या अभ्यासाने विद्या मिळविली. आणि नंतर त्याच द्रोणांनी गुरुदक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागितला. एकलव्याच्या निष्ठेचे गोडवे आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो. पण याज्ञवल्क्यांच्या वडिलांच्या कसोटीला ही दक्षिणा लावून पाहा. जेथे शिकविलेच नाही, तेथे घेण्याचा अधिकार कोठून आला? आणि जी दक्षिणा शिष्याची विद्याच कापून नेते, तिला दक्षिणा म्हणावे तरी कसे? एकलव्याचे देणे मोठे होते, यात संशय नाही. द्रोणांचे घेणे मात्र दक्षिणेच्या नियमात बसत नाही. मुलांना ही कथा सांगताना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

देणारा, घेणारा आणि लागणारे धन या तिघांचाही उत्तम मेळ पाहावयाचा असेल, तर रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील कौत्साची कथा आठवावी. वरतंतू ऋषींजवळ विद्या पुरी करून कौत्साने दक्षिणा विचारली. गुरू म्हणाले, तू निष्ठेने जी सेवा केलीस तीच मला पुष्कळ आहे. येथे कथा संपावयास हवी होती. पण कौत्साने हट्ट धरला, पुनःपुन्हा विचारले. तेव्हा गुरूंना राग आला आणि शिष्याचे दारिद्र्य न पाहता त्यांनी चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. कौत्स रघुराजाकडे आला, तो राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन टाकलेले; अतिथीला अर्घ्य द्यावयास त्याच्याजवळ मातीचे पात्र तेवढे उरले होते. तरीही रघूने त्याला थांबवून घेतले, आणि कुबेराने राजाच्या कोशागारात सोन्याची वृष्टी केली. मग निराळाच वाद सुरू झाला. राजा म्हणे, हे सगळे तुझ्यासाठी आले, सगळे ने. कौत्स म्हणे, गुरूंना द्यावयाचे त्याहून अधिक मला नको. अयोध्येच्या लोकांनी या दोघांनाही वंदनीय मानले.

आपल्याकडील लोककथा याच्या पुढे जाते. ते सोने आपट्याच्या झाडाखाली पडले, कौत्साने हवे तेवढे उचलले, उरलेले लोकांनी लुटले आणि तो दिवस विजयादशमीचा होता, असे आपण लहानपणापासून ऐकतो. दसऱ्याला आपण एकमेकांच्या हाती आपट्याचे पान ठेवतो आणि त्याला सोने म्हणतो, ते यामुळेच. विचार करा, ज्या सोन्याचे मूळ गुरुदक्षिणेत आहे, ते आपल्या समाजाने पानाच्या रूपाने जपले. पान कोणालाही मिळते. श्रीमंताचे पान मोठे व गरिबाचे लहान असे होत नाही. आणि ते देताना वाकावे लागते. त्याच सुमारास आपण सरस्वतीपूजन करतो, मुले पाट्यापुस्तकांची पूजा मांडतात. विद्या आणि सोने यांचे नाते कसे असावे, हे आपल्या सणांनी याहून स्पष्ट शब्दांत सांगावयास नको.

कौत्साच्या कथेतील गुरूंचा राग मात्र मनात ठेवण्यासारखा आहे. वरतंतू का रागावले? मला वाटते, शिष्य देणे चुकते करून मोकळा होऊ पाहत आहे, असे त्यांना वाटले असावे. आपल्या परंपरेत मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो असे मानतात: देवऋण, ऋषिऋण व पितृऋण. पैकी ऋषिऋण फेडण्याचा मार्ग धन देणे हा नाही. अध्ययन करणे हा आहे. म्हणजे शिक्षकाचे देणे शिकूनच फिटते, आणि शिकलेले पुढच्याला शिकवून फिटते. वस्तू देऊन ते फिटत नाही. तर मग वस्तू द्यावयाचीच कशाला? माझ्या अल्पमतीला या प्रश्नाचे उत्तर असे वाटते की, निरोपाची भेट ऋण फेडण्यासाठी नसते. ऋण आहे हे कबूल करण्यासाठी असते. देणारा म्हणतो, तुम्ही मला दिले ते माझ्या ध्यानात आहे. एवढेच त्या वस्तूने बोलावयाचे असते. ज्या वस्तूला हे बोलता येते ती योग्य भेट, मग ती दोन रुपयांची असो वा दोन हजारांची. जिला बोलता येत नाही ती व्यर्थ.

ही कसोटी लावली म्हणजे बाजारातील पुष्कळशा वस्तू मुक्या ठरतात. कोणाही शिक्षकाला कोणाही पालकाने दिली तरी चालेल अशी वस्तू काय बोलणार? एखाद्या वयोवृद्ध शिक्षकाचे कपाट उघडून पाहिले तर शालींची चळत, काचेची स्मृतिचिन्हे आणि एकाच आकाराची घड्याळे दिसतात. कोणते कोणाचे हे त्यांनाही सांगता येत नाही. त्या सत्कारांत अप्रीती होती असे नव्हे. पण निवडताना कोणी त्या माणसाचा विचार केला नव्हता. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य निघणाऱ्या शिष्याला सांगतात की, आचार्यांना प्रिय असे धन आणून दे. केवळ धन नव्हे, प्रिय धन. म्हणजे त्या व्यक्तीला काय आवडते हे आधी जाणून घेणे आले. त्याच उपदेशात पुढे, श्रद्धेने द्यावे आणि लाजून द्यावे, असेही सांगितले आहे. व्यासपीठावर छायाचित्रासाठी थांबून दिलेल्या भेटीत ही लाज कितपत उरते, ते ज्याचे त्याने पाहावे.

मग शिक्षकाला प्रिय धन कोणते? दूर देशातले एक उदाहरण येथे देतो. अल्जीरियात आल्बेर कामू नावाचा एक मुलगा होता. बाप पहिल्या महायुद्धात १९१४ साली मारला गेलेला, आई घरकाम करून पोट भरणारी व लिहिणेवाचणे न जाणणारी. प्राथमिक शाळा संपताच मुलाने कामाला लागावे अशी आजीची इच्छा होती. त्याचे शिक्षक लुई जेर्मँ यांनी आजीची समजूत घातली, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्याला फी न घेता जादा शिकविले आणि मुलगा पुढे शिकला. १९५७ साली त्याच कामूला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. सन्मानाचा गलबला थोडा ओसरताच त्याने आपल्या जुन्या मास्तरांना एक पत्र लिहिले. ही बातमी ऐकल्यावर आईच्या पाठोपाठ आपल्याला तुमचीच आठवण झाली, आणि तुम्ही त्या गरीब पोराला हात दिला नसता तर यातले काही घडले नसते, असा त्याचा आशय होता. पत्र लहानसे आहे. आज जगभर लोक ते वाचतात. जगातला कोणता अलंकार त्या वृद्ध शिक्षकाला याहून प्रिय वाटला असता?

आपल्याकडे उलट दिशेने गेलेली एक भेट इतिहासात प्रसिद्ध आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा शिक्षक व ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाचे मोल पैशांत फारसे नसेल. पण देणाऱ्याने मुलाकडे पाहून, याला काय उपयोगी पडेल याचा विचार करून ते दिले होते. १९५६ साली नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एका पुस्तकाने एवढे सगळे घडविले असे कोणी म्हणू नये. परंतु त्या भेटीचा बाबासाहेबांना कधी विसर पडला नाही. पाहून, विचार करून दिलेल्या भेटीचे आयुष्य असे लांब असते.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. निरोपाची भेट मुलाची असावी, पालकाची नसावी. आज बहुधा होते ते असे की, पालक ठरवितात, पालक आणतात, पालक कागदात गुंडाळतात आणि मूल फक्त नेऊन देते. त्यात मुलाचा संबंध टपालवाल्याइतकाच. शिकला तो मुलगा, ऋण त्याचे, मग कबुली दुसऱ्याने का द्यावी? मुलाला पाटापाशी बसवून विचारावे: बाईंनी तुला शिकविलेली एक गोष्ट सांग. तो प्रथम, सगळेच शिकविले, असे म्हणेल. मग धीराने पुन्हा विचारावे. कोणी सांगेल, मला सातचा पाढा येत नव्हता, बाईंनी मधल्या सुट्टीत बसवून पाठ करून घेतला. कोणी सांगेल, मी अडखळत वाचीत असे, मुले हसत, मास्तरांनी हसणाऱ्यांना गप्प केले. हेच त्याने आपल्या अक्षरात, आपल्या चुकांसह, एका कागदावर लिहावे. लिहिता येत नसेल तर चित्र काढावे. चुका दुरुस्त करण्याचा मोह आईबापांनी आवरावा. त्या चुका कोणाच्या हे बाईंना ठाऊक असते. त्या कागदाबरोबर परसातला एक नारळ, अबोलीची एक फाती किंवा मोसमात दोन मानकुराद आंबे गेले तर उत्तम. न गेले तरी उणे काही नाही. आणि यातून आणखी एक लाभ होतो. आपल्याला कोणी काय दिले, हे ओळखावयास मूल शिकते. शाळेच्या पुस्तकात हा धडा नसतो.

आता वर्गणीचा प्रश्न. येथे मला थोडे कठोर बोलणे भाग आहे. घरटी पाचशे, असा आकडा गटावर पडला की ज्याला परवडते तो लगेच होकार कळवितो, आणि ज्याला परवडत नाही तो दोन दिवस गप्प राहतो. ते गप्प राहणे सर्वांना दिसते. आपला डिचोली तालुका खाणींवर किती अवलंबून आहे, हे सांगावयास नको. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ पट्ट्यांवरचे काम थांबले. तेव्हा ट्रकांचे हप्ते थकलेली, मजुरी तुटलेली किती घरे आपल्या भोवती होती, हे आपण पाहिले आहे. अशा घरातील बाप पाचशे रुपये नाहीत असे म्हणू शकत नाही. तो उसने आणतो, नाहीतर त्या दिवशी मुलाचे पोट दुखते आणि मूल घरी राहते. ज्या बाईंनी त्या मुलाला सर्वांसारखे वागविले, त्यांच्याच निरोपाच्या दिवशी ते सर्वांहून वेगळे ठरावे, हे कोणत्या भेटीने भरून निघणार? बाईंना हे कळले तर ती वस्तू त्या घरात ठेवतील काय?

आणि यावर तोड आपल्या गोव्यातच सापडलेली आहे. पोर्तुगीज अमदानीत मराठी शिक्षणाला राजाश्रय नव्हता. देवळांच्या अग्रशाळांत आणि घरांच्या ओसरीवर पंतोजी मुलांना धुळाक्षरे शिकवीत, आणि गावच त्यांचा योगक्षेम चालवी. अशा दिवसांत १९०८ साली मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. तिच्या नावातच तिची रीत आहे: घराघरांतून शिक्षणासाठी बाजूला काढलेले मूठमूठ तांदूळ. मूठ हे माप किती विचाराने निवडले पाहा. मूठभर तांदूळ काढता येणार नाही असे घर विरळा. आणि एकदा सगळ्यांचे तांदूळ एका डब्यात पडले की कोणती मूठ कोणाची, हे देवालाच ठाऊक. त्या मुठीमुठीतून उभी राहिलेली संस्था आजही मुलांना शिकवीत आहे. निरोपासाठी काही एकत्र करावयाचेच असेल, तर ते या रीतीने करावे. शाळेत एक बंद डबा ठेवावा. ज्याने त्याने इच्छेस येईल ते टाकावे, न टाकावे. नाव नाही, यादी नाही, आकडा नाही. जे जमेल त्यातून जाणाऱ्या शिक्षकाच्या नावे शाळेलाच काही द्यावे: वाचनाच्या कोपऱ्यासाठी चार पुस्तके, एक नकाशा, फळ्यासमोर बसणाऱ्या लहानग्यांसाठी चटया. शिक्षक जातो, पण त्याची मुले पुढच्या वर्षीही येतात. आपण गेल्यावरही आपल्या मुलांना काही मिळत आहे, हे ज्याला सुखावीत नाही असा खरा शिक्षक मी तरी पाहिलेला नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लग्नामुंजीत लाखो रुपये उधळणाऱ्याने शिक्षकासमोर मात्र कागदाचा चिटोरा धरावा आणि त्याला साधेपणा म्हणावे काय? नाही. पूजाविधीत एक शब्द नेहमी येतो, वित्तशाठ्य. म्हणजे जवळ असून देताना लबाडी करणे. ते करू नये असे सांगितलेले असते. शक्तीप्रमाणे द्यावे, हा नियम गरिबाला जसा आधार आहे तसा श्रीमंताला बंधन आहे. ज्याची ऐपत आहे त्याने अवश्य अधिक द्यावे. मात्र ते त्या बंद डब्यात द्यावे, अथवा शाळेचे गळके छप्पर गुपचूप शाकारून द्यावे. मुलाच्या हाताने जाणारी भेट सर्वांची सारखी राहू द्यावी. म्हणजे वित्तशाठ्यही होणार नाही आणि शेजारच्या मुलाची मान खाली जाणार नाही.

शेवटी, ज्यांना निरोपच मिळत नाही, अशांची आठवण करून देतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यांसाठी शेजारच्या महाराष्ट्रातून कित्येक शिक्षक परक्या मुलखात आले, भाड्याच्या खोलीत राहिले आणि आपल्या आजोबांच्या पिढीला लिहितेवाचते करून निघून गेले. त्यांतील किती जणांना आपण पुन्हा पत्र लिहिले? आज पटसंख्येअभावी गोव्यातील कित्येक सरकारी प्राथमिक शाळा बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाल्या आहेत. शाळेबरोबरच निघून जाणाऱ्या शेवटच्या शिक्षकाला निरोप कोण देणार? कंत्राटावर आलेली तरुण शिक्षिका वर्ष संपताच जाते. तिच्यासाठी शाल आणण्याचे कोणाच्या ध्यानी येत नाही. अंगणवाडीच्या ताई, माध्यान्ह आहार रांधून आणणाऱ्या बायका, वर्ग झाडणारी मावशी, यांच्याकडून आपली मुले काहीच शिकली नाहीत काय? निरोपाची भेट ही ऋणाची कबुली असेल, तर जेथे जेथे ऋण आहे तेथे तेथे ती पोहोचली पाहिजे. आणि जे शिक्षक हयात नाहीत, त्यांच्यासाठी शास्त्राने सांगितलेला मार्ग मोकळाच आहे. जे त्यांनी शिकविले, ते आपण एखाद्या मुलाला शिकवावे.

सारांश, निरोपाच्या वेळी हात रिकामा नसावा आणि जडही नसावा. वेळ साधावी, शक्ती पाहावी, घेणाऱ्या माणसाचा विचार करावा, देण्याचे काम मुलाच्या हाती सोपवावे आणि शेजारच्या घराची लाज राखावी. येत्या वर्षाच्या अखेरीस आपल्या मये गावातील प्रत्येक शाळेत असा निरोप घडावा, अशी या पत्रिकेच्या सर्व सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे. तशी बुद्धी आपणां सर्वांस श्रीमहामाया देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.